केमोआधी वजनाचीही चौकशी व्हावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

फुफ्फुसाच्या कर्करोगावरील नव्या औषधांविषयी पुष्कळ लिहिले जाते. ती औषधे ज्या शरीराला सोसायची असतात, त्याच्या पोषणाविषयी मात्र फारच थोडे, म्हणून हे पत्र.

आजार बळावल्यावर निदान झालेल्या अनेक रुग्णांचे वजन केमोथेरपी सुरू होण्यापूर्वीच घटलेले असते. ‘जेवणच जात नाही’ एवढ्यावर घरचे ते सोडून देतात. पण कर्करोगामुळे शरीरात दाह चालू राहतो, भूक मरते आणि स्नायू झिजतात. याला कॅकेक्सिया म्हणतात. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक वजन घटणे ही त्याची एक खूण तज्ज्ञांनी २०११ साली निश्चित केली. म्हणजे ६० किलोच्या माणसाचे तीन किलोंहून अधिक.

केमोच्या बऱ्याच औषधांची मात्रा उंची आणि वजनावरून ठरते, पण त्या वजनात स्नायू किती आणि चरबी किती, हे त्यातून कळत नाही. (पायांवर सूज असेल, तर काटा तेवढीही घट दाखवत नाही.) कार्बोप्लॅटिन या केमोच्या औषधाची मात्रा मूत्रपिंडाच्या कार्यक्षमतेवरून काढतात आणि ही कार्यक्षमता बहुधा रक्तातील क्रिएटिनिन या, मूत्रपिंडातून बाहेर पडणाऱ्या टाकाऊ द्रव्यावरून अजमावली जाते. क्रिएटिनिन तयार होते ते मुख्यतः स्नायूंत. स्नायूच झिजले की ते कमी भरते, मूत्रपिंड प्रत्यक्षाहून चांगले भासते आणि मात्रा जास्त निघण्याचा धोका राहतो. मग पांढऱ्या पेशी घसरतात, पुढची सायकल (केमोची फेरी) लांबते, काहींचे उपचार अर्ध्यावर थांबतात. यात कुपोषणाचा वाटा किती आणि मूळ आजाराचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. पण म्हणून वजनाकडे दुर्लक्ष करणे मला पटत नाही.

दर किलो वजनामागे रोज २५ ते ३० किलोकॅलरी आणि एक ते दीड ग्रॅम प्रथिने, असे युरोपीय तज्ज्ञांचे मार्गदर्शन आहे. मळमळ, तोंडाची गेलेली चव, बद्धकोष्ठता यांवर उपाय न करता नुसता खाण्याचा आग्रह धरला, तर रुग्ण कष्टी होतो आणि ताटातले तसेच राहते.

तेव्हा पहिल्याच भेटीत सहा महिन्यांपूर्वीचे वजन विचारून कागदावर नोंदवावे आणि ते घटलेले असल्यास पहिल्या सायकलपूर्वीच आहारतज्ज्ञांची भेट ठरवून द्यावी, अशी कर्करोग रुग्णालयांना माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक