परराष्ट्रमंत्री साहेब, आमच्या कापसाचा भाव जिनिव्हात पण ठरतो

मा. परराष्ट्रमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी रावेर तालुक्यातला, घरची केळी आहे आणि थोडी कपाशी. इकडे पारावर 'कापूसना भाव कोन ठरावस भाऊ?' असा विषय निघाला की कोणी व्यापाऱ्याचं नाव घेतं, कोणी जिनिंगवाल्याचं, कोणी सरकारचं, जागतिक व्यापार संघटना जिथे बसते त्या जिनिव्हाचं नाव मात्र कोणीच घेत नाही. म्हणून हे पत्र थेट तुम्हाला, कृषिमंत्र्यांना नाही.

ऑगस्ट २०२५ चंच बघा. अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ लावला, कापडवाल्यांच्या ऑर्डरी अडकल्या, मग गिरण्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून आपल्या सरकारनं कापसावरची ११ टक्के आयात ड्युटी काढली, आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले आणि मग थेट ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे आमचा कापूस दसऱ्या-दिवाळीला घरात येतो नेमका तोच काळ. हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये जाहीर झालेला, पण खेडा खरेदीत, म्हणजे गावात येऊन घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे, तो मागायचा कसा? वॉशिंग्टनमधल्या एका सहीनं चोपडा-पाचोऱ्याच्या माणसाचं वर्ष बदललं, आणि त्याला कोणी काही विचारलं नाही.

लहान देशांचं रोजचं जगणं असंच असतं साहेब. मोठे देश आपसात काहीतरी ठरवतात आणि झळ यांना बसते. 'लहान देशांनी जगाच्या राजकारणात लक्ष घालून काय उपयोग' असं बोलणारे टीव्हीवर खूप आहेत, आणि शेजारच्या मालदीव, नेपाळबद्दल तर फारच हलकं बोललं जातं, मला ते पटत नाही, कारण कापसाच्या बाबतीत आमच्यासाठी कोण भांडलं ते बघितलं तर बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड. अतिशय गरीब देश. अमेरिका स्वतःच्या कापूसवाल्यांना एवढी सबसिडी देते की जगात भाव पडतो, हे त्यांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत उघड मांडलं, बुर्किना फासोचे राष्ट्राध्यक्ष स्वतः जिनिव्हाला जाऊन बोलले. त्याच वर्षी कॅनकूनला भरलेली संघटनेची मंत्र्यांची परिषद मोडली खरी पण कापूस हा वेगळा विषय म्हणून टेबलावर आला तो आलाच, आणि २००५ ला हाँगकाँगमध्ये श्रीमंत देशांना कापसावरची निर्यात सबसिडी बंद करायचं कबूल करावं लागलं. देशातल्या देशात दिली जाणारी सबसिडी अजून तशीच आहे, तो मुद्दा वर्षानुवर्षं लटकलाय.

ब्राझीलनं अमेरिकेवर कापसाची केस केली त्यात बेनिन आणि चाड तिसरे पक्षकार म्हणून बसले होते, भारतही होता. केस ब्राझील जिंकला, शेवटी २०१४ च्या तडजोडीत ३० कोटी डॉलर ब्राझीलला मिळाले, आफ्रिकेच्या शेतकऱ्याला त्यातलं काही नाही. तेव्हा लक्ष घातलं की सगळं मिळतं असं मी म्हणत नाही. पण लक्षच घातलं नसतं तर हा अन्याय कागदावरसुद्धा आला नसता.

केळीचं तर आमच्या भागात प्रत्येकाला कळायला पाहिजे. इक्वेडोर जागतिक व्यापार संघटनेत जानेवारी १९९६ ला शिरला आणि पुढच्याच महिन्यात युरोपच्या केळी धोरणाविरुद्ध तक्रार केली, सोबत ग्वाटेमाला, होंडुरास, मेक्सिको आणि अमेरिका. २००९ ला समझोता झाला तेव्हा युरोपची ड्युटी टनामागे १७६ युरोवरून हळूहळू ११४ वर आणायचं ठरलं. आणि दुसऱ्या बाजूला सेंट लुसियासारखी कॅरिबियन बेटं होती, युरोपच्या सवलतीवर त्यांची केळी चालायची, त्यांच्याकडे व्यापार कायद्याचे स्वतःचे सरकारी वकील नव्हते म्हणून खासगी वकील आणले तर आधी त्यांना आत बसू दिलं नाही, अपिलात १९९७ ला परवानगी मिळाली. ती बेटं केळीत हरली, पण खासगी वकील आणायची वाट मात्र पुढच्या सगळ्या लहान देशांना मोकळी झाली. जगात सगळ्यात जास्त केळी पिकवणारा देश आपला, आणि ह्या सगळ्या भांडणात रावेर-यावलचं नाव कुठेच नव्हतं, हे मला फार लागतं.

आता आपलं स्वतःचं वागणं. सप्टेंबर २०१९ ला आपण कांदा निर्यात एकदम बंद केली. साक्रीच्या कांदावाल्याचा भाव पडला आणि तिकडे बांगलादेशात कांद्यासाठी रांगा लागल्या. काही दिवसांनी तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हा त्यांनी जाहीरपणे सांगितलं की आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून सांगितलंय. लोक हसले. पण बांगलादेशनं मग इजिप्त, तुर्कस्तानातून विमानानं कांदा आणला, म्हणजे आमचं गिऱ्हाईक आपणच दुसऱ्याच्या दारात पाठवलं. शेजाऱ्यावर काय परिणाम होईल हे बघणं आपल्याला जमलं नाही आणि नुकसान दोन्हीकडच्या साध्या माणसाचं झालं.

म्हणून मागणं एवढंच आहे. जागतिक व्यापार संघटनेत कापसाचा विषय येईल तेव्हा भारतानं त्या चार आफ्रिकन देशांच्या बाजूला उघड उभं राहावं, खान्देश-विदर्भाचा शेतकरी त्याच बाजूला आहे हे बोलून दाखवावं. कुठलीही निर्यात बंद करायच्या आधी शेजारी देशांना आणि आम्हालाही ठराविक मुदतीची नोटीस मिळावी. आणि राज्यांशी बोलायला तुमच्या मंत्रालयात २०१४ पासून वेगळा विभाग आहे, त्यातल्या कोणीतरी जळगावला येऊन केळी आणि कापूसवाल्यांसोबत एक दिवस बसावं, पुढच्या व्यापार करारात आमच्या पिकांचं काय होणार ते साध्या मराठीत सांगावं आणि आमचं लिहून न्यावं.

यायचं ठरलं तर वेचणी सुरू व्हायच्या आधी या साहेब, दसऱ्यानंतर इथे कोणाला वेळ नसतो.

आपला,
रावेर तालुक्यातला एक शेतकरी