बेरजेतून सुटलेल्या ओळी

माननीय संपादक,

स.न.वि.वि.

एका पतसंस्थेत मी बावीस वर्षे हिशेब लिहिले, त्यांतली शेवटची बारा एक्सेलवर. एका मार्चअखेरीस तेरीज, म्हणजे जमा-नावेच्या बेरजांचा ताळा, जुळेना. दोन रात्री जागून शोधले, तेव्हा कळले की तीन नव्या कर्जखात्यांच्या ओळी बेरजेच्या अगदी वर पेस्ट केल्या होत्या आणि बेरजेचा फॉर्म्युला मात्र जुन्या शेवटच्या ओळीवरच थांबला होता. बोलणी ज्या मुलाने खाल्ली त्याने प्रत्येक आकडा बरोबर भरला होता, याची खंत मला आजही वाटते.

अशी चूक केवळ नवख्यांच्याच हातून होते असे नाही. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांच्या सरकारी कर्जावरील २०१० च्या निबंधात सरासरीचा फॉर्म्युला ४९ व्या ओळीऐवजी ४४ व्या ओळीवर थांबला होता आणि ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा व डेन्मार्क हे पाच देश त्यातून गळले होते. निबंधावरचे इतर आक्षेप याहून मोठे होते, हे खरे. पण ही चूक २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ फाइल मागवून पाहिली तेव्हाच उघड झाली.

यावर आपल्याकडे दोनच उपाय केले जातात : ‘नीट तपासून पाठवा’ अशी ताकीद, नाहीतर सेल, म्हणजे तक्त्यातल्या चौकटी, लॉक करणे. लॉक केलेल्या फाइलीत सहसा ओळ वाढवता येत नाही, म्हणून माणसे सगळे नव्या शीटवर कॉपी करतात आणि तिथे चुकांना मोकळे रान मिळते.

तिसरा मार्ग संगणकशास्त्राने दाखवलेला आहे. मार्टिन एर्विग आणि ग्रेगोर एंगेल्स यांनी २००५ मध्ये ‘क्लासशीट्स’ ही पद्धत मांडली. पोर्तुगालच्या मिन्यो विद्यापीठातही त्यावर पुढे काम झाले. तीत आधी हिशेबाची रचना लिहायची : प्रत्येक कर्जदाराची एक ओळ, ओळीत मुद्दल, दर आणि व्याज, आणि शेवटी सर्व ओळींची बेरीज. या मॉडेलवरून शीट आपोआप तयार होते. कर्जदार वाढला की त्याची ओळ फॉर्म्युल्यांसकट येते आणि बेरजेची व्याप्तीही तिच्याबरोबर वाढते. ती माउसने ओढून ठरवण्याचे काम लेखनिकाकडे उरतच नाही. ५४०० च्या जागी ४५०० टाकले तर मॉडेल ते ओळखेलच असे नाही, आणि मॉडेलच चुकले तर ती चूक प्रत्येक शीटमध्ये उतरेल. म्हणून ते हिशेब कळणाऱ्या माणसाने तपासलेच पाहिजे. पण ते एकदा तपासायचे असते, दर मार्चला दोन रात्री जागून नव्हे.

ज्या सरकारी खात्यांना संस्थांकडून, शाळांकडून एक्सेलमध्ये तक्ते हवे असतात, त्यांनी कोरी फाइल न पाठवता अशा मॉडेलवरून तयार केलेली फाइल द्यावी आणि ओळ कशी वाढवायची हे लेखनिकांना एक दिवस बसवून शिकवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त लेखनिक, सांगली