गृहपाठ फळ्यावर द्या, फोनवर नको : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : पाचवीपर्यंतच्या मुलांचा गृहपाठ मोबाइलवर पाठविण्याची पद्धत बंद करण्याबाबत.

महोदय,

सातारा जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेत मी गेली एकवीस वर्षे शिकवते आहे आणि यंदा माझ्याकडे चौथीचा वर्ग आहे. लहान मुलांच्या हाती स्वतःचा मोबाइल असावा का, यावर पालक सभांत पुष्कळ बोलले जाते आणि बहुतेक वेळा सारा दोष आईवडिलांच्या पदरात टाकून सभा उठते. मला आपल्यापुढे जी तक्रार मांडायची आहे ती शाळेविषयी, म्हणजे माझ्याविषयीही आहे. मुलासाठी फोनची सोय करा, असे घराला सर्वांत आधी आम्हीच सांगितले.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. व्हॉट्सअ‍ॅपवर वर्गाचे ग्रुप तयार झाले, वहीच्या पानांचे फोटो जाऊ-येऊ लागले. माझ्या वर्गातील एका आईने दुभती शेळी विकून फोन घेतला आणि त्या वेळी मला तिचे कौतुकच वाटले. पुढे शाळा उघडल्या, पण ग्रुप तसाच राहिला. आज गृहपाठ, सुट्टीची सूचना, स्नेहसंमेलनातल्या पोशाखाचा रंग, शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिका, सगळे तिथेच येते. दिवसभर रानात राबून आलेली आई स्वयंपाकाला लागताना आपला फोन मुलाच्या हाती देते. काही महिन्यांनी वडील नवा फोन घेतात आणि 'अभ्यासाला लागतोच' म्हणून जुना मुलाचा होतो.

घरचा फोन आणि मुलाचा स्वतःचा फोन यांत फार अंतर आहे. घरचा फोन मागावा लागतो, तो चार माणसांत बसून पाहावा लागतो आणि कुणाचा कॉल आला की परत द्यावा लागतो. स्वतःचा फोन मूल पांघरुणात घेऊन झोपते. दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला कोणाची मान बाकावर टेकते, ते मला हजेरी घेतानाच कळते. मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरविण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता. पण रात्री साडेआठला ग्रुपवर गृहपाठ टाकणारी शाळा सकाळी दिलेली झोप रात्री काढून घेते.

एक गोष्ट पालकांना क्वचितच कोणी समजावून सांगते. अठरा वर्षांखालील मुलाच्या नावे सिमकार्ड मिळत नाही, त्यामुळे नऊ वर्षांच्या मुलाच्या हातातला फोन कागदोपत्री त्याच्या वडिलांचा असतो आणि त्यावरचे खातेही बहुधा मोठ्या माणसाच्याच वयाचे असते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने मुलांच्या वापरावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवण्यास मनाई केली आहे. परंतु ज्याला अ‍ॅप चालवणारी कंपनी चाळीस वर्षांचा माणूस समजते, त्या मुलापर्यंत हे संरक्षण पोहोचणार कसे?

फोनमुळे मुले शिकतात, हेही मी नाकारत नाही. मात्र 'असर' या शिक्षणविषयक पाहणीच्या २०२४ च्या ग्रामीण सर्वेक्षणात स्मार्टफोन वापरता येणाऱ्या चौदा ते सोळा वयाच्या मुलांपैकी सुमारे ५७ टक्के मुलांनी त्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरल्याचे सांगितले आणि सुमारे ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. मोठ्या मुलांची ही स्थिती असेल, तर तिसरी-चौथीतले मूल गृहपाठाचा फोटो पाहून फोन खाली ठेवील, अशी अपेक्षा आपण कशाच्या बळावर करतो?

बंदीचा मार्ग गावांनी चोखाळून पाहिला आहे. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदीचा ठराव केला. त्यामागची कळकळ मला समजते, तरी मोठ्यांच्या हातात फोन आणि मुलांना मनाई, हे कोणत्याही घरात फार दिवस टिकणे अवघड आहे. मला अधिक मोलाचे वाटते ते सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव. तिथे ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि दीड तास घरोघरचे टीव्ही, मोबाइल बंद राहू लागले. मुले अभ्यासाला बसतात आणि मोठी माणसेही तेवढा वेळ फोन बाजूला ठेवतात, त्यामुळे मुलाला आपल्यालाच शिक्षा झाली असे वाटत नाही. पण अशा गावातसुद्धा शाळेचा गृहपाठ फोनवरच येत असेल, तर भोंगा वाजल्यावर मुलाने काय करायचे?

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. पाचवीपर्यंतच्या कोणत्याही मुलाला फोन लागेल असा गृहपाठ देऊ नये. जो द्यायचा तो फळ्यावर लिहून, मुलांनी वहीत उतरवून घेतल्यावरच वर्ग सुटावा. पालकांसाठीच्या सूचना ग्रुपवर जरूर जाव्यात, पण त्या पालकांनाच उद्देशून असाव्यात आणि संध्याकाळी सहानंतर जाऊ नयेत. सराव प्रश्नपत्रिका शाळेला छापील मिळाव्यात, कारण आज त्यांच्या झेरॉक्सचा खर्च शिक्षक आणि पालक आपल्या खिशातून करतात. आईवडील दोघेही कामावर असणाऱ्या मुलांची काळजी खरी आहे. त्यांच्यासाठी शाळेत एक फोन असावा आणि मुलाने मागितल्यावर त्याला त्यावरून घरी बोलता यावे. ज्यांना तेवढ्यानेही धीर येत नाही, त्यांनी साधा बटणांचा फोन द्यावा. तंत्रज्ञानाची ओळख करून देण्याची जबाबदारी आम्ही शाळेतल्या संगणकावर, आमच्या डोळ्यांसमोर पार पाडू.

असा शासन निर्णय जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी निघाला, तर पहिल्याच पालक सभेत मी तो वाचून दाखवीन. माझ्या वर्गापुरती ही पद्धत मी या सोमवारपासून सुरू केली आहे. परंतु शेजारच्या वर्गाचा गृहपाठ आजही फोनवर जातो आणि माझ्या वर्गातल्या मुलांची भावंडे त्या वर्गात आहेत.

आपली विश्वासू,
चौथीची एक वर्गशिक्षिका