मराठ्यांच्या सुना गच्चीतून गरबा बघायच्या

दांडिया बाजार, बडोदे
रविवार, दुपार

ती. स्व. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांनी फोनवर सांगितलं, तू गल्लीत सगळ्यांना सांगत फिरतेस की नात परदेशात शिकते. अगं, या परदेशात निम्म्या दारांवर मराठी आडनावं आहेत. गायकवाडांच्या चाकरीत आलेल्यांचे पणतू-खापरपणतू. घरमालकीण काकू भाजीवाल्याशी गुजरातीत घासाघीस करतात आणि आत येऊन मला म्हणतात, ‘जेवून घे ने गं!’ हा ‘ने’ इथल्या मातीतला. मलाही लागलाय, घरी आल्यावर हसू नका.

तुझा दुसरा प्रश्न बाबांनी हसत हसत सांगितला. पिक्चर बघायला कॉलेज कशाला लागतं? आजी, दादासाहेब फाळके याच गावात कलाभवनात शिकले, मग गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ काढला आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आणला. म्हणजे या नादाचं मराठी माणूस बडोद्याला आधीही येऊन गेलंय. गंमत सोड. मी पिक्चर कमी आणि तो बघणारी माणसं जास्त बघते. तेच माझं काम.

काकूंना विचारलं, तुम्ही गुजराती पिक्चर बघायचात का? नाक मुरडलं. ‘ते गावठी लोकांचे.’ १९९८ साली ‘देश रे जोया दादा परदेश जोया’ आला, तेव्हा म्हणे खेड्यांतून ट्रॅक्टर भरभरून माणसं आली, आणि आमच्या वाड्यातलं एकही गेलं नाही. मला तुझी ‘माहेरची साडी’ आठवली. १९९१ साली तुम्ही उंब्रजच्या बायका एसटीने कराडला गेलात, आणि पुण्याच्या आत्या अजूनही तो विषय निघाला की ‘रडारड’ म्हणतात. गुजरातीची गोष्ट २०१२च्या सुमाराला पालटली. शहरातली पोरं, त्यांचे व्हिसाचे घोळ, धंद्याच्या खटपटी पडद्यावर आल्या आणि ज्यांना लाज वाटायची तेच तिकीट काढू लागले. पगडी-घागऱ्याचे पिक्चर मागे पडले. ते बघणारी ट्रॅक्टरमधली माणसं मग कुठे गेली, हे मला कुणीच धड सांगत नाही. माझा अर्धा प्रबंध तिथेच अडलाय.

आता जे सांगायचं म्हणून पत्र लिहायला बसले ते. गेल्या आठवड्यात लॅपटॉपवर काकूंना ‘हेल्लारो’ हा गुजराती पिक्चर दाखवला. कच्छमधलं गाव, साल १९७५. गरबा खेळायचा तो पुरुषांनी, बायकांनी पाणी भरायचं. वाटेत त्यांना एक ढोलवाला भेटतो आणि त्या चोरून खेळायला लागतात. २०१९ साली या पिक्चरला देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, आणि त्यातल्या तेरा बायकांना मिळून परीक्षकांचं खास पारितोषिक. काकू रडतील म्हणून मी रुमाल ठेवला होता. रडल्या नाहीत. मध्येच म्हणाल्या, ‘थांबव ने.’ मग पडद्याकडेच बघत सांगितलं, लग्नानंतर नऊ नवरात्रं त्या गच्चीत उभ्या राहून खालचा गरबा बघायच्या. मराठ्यांच्या सुना रस्त्यावर नाचत नाहीत, असं सासूबाईंचं म्हणणं. दहाव्या वर्षी सासूबाई गेल्या, तर गुडघे धरले.

सहा महिने मी याच घरात जेवते. वहीभर प्रश्न विचारून झाले होते. हे एकदाही निघालं नव्हतं. सूनबाई दारात उभी राहून ऐकत होती. तिलाही पहिल्यांदाच कळत होतं.

आपल्या मराठी पिक्चरचं इथे काय, तेही ऐक. रविवारी सकाळी एकच खेळ होता. आम्ही सात जण पोचलो. खिडकीवरचा पोरगा म्हणाला, दहा तरी हवेत, नाहीतर खेळ रद्द. महाराष्ट्रात मल्टिप्लेक्सवाल्यांना मराठीला खेळ द्यायचं बंधन आहे (पाळतात कितपत, तो वेगळा तंटा), पण ते बंधन तलासरीच्या पुढे येत नाही. एका आजोबांनी स्वतःच्या खिशातून तीन तिकिटं जास्तीची काढली, तेव्हा कुठे दिवे मालवले आणि खेळ सुरू झाला. त्यांचा नातू शेजारी बसला होता. आजोबा विनोदावर हसायचे, नातू त्यांच्याकडे बघून मग हसायचा. परतताना सगळ्यांनी सेव-उसळ खाल्ली, पैसे आम्ही आजोबांना देऊ दिले नाहीत.

आजी, तुझ्याकडे एक काम आहे. ‘माहेरची साडी’ बघून परतताना एसटीत तुम्ही बायका काय बोललात? पिक्चरची गोष्ट मला माहीत आहे, ती नको. कोण कुणाच्या शेजारी बसलं होतं, कुणी आपल्या सासरचं काय काढलं, कोण गप्प होतं, ते सांग. बाबांना रेकॉर्ड करायला लाव आणि मग त्यांना जरा बाहेर पाठव.

लीलो चिवडा पाठवतेय, आंबटगोड आहे, तुला चालेल. थंडीचं जपून राहा.

तुझी,
चिऊ