कासेगाव अमेरिकेत कधी गेले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट यांच्यावर लेख पाहून आनंद झाला, पण तो मथळ्यापर्यंतच टिकला. 'अमेरिकन विदुषी'! अहो, बाईंनी १९८३ साली भारताचे नागरिकत्व घेतले. २५ ऑगस्ट २०२१ रोजी त्या गेल्या, त्याही आमच्या वाळवा तालुक्यातल्या कासेगावातच. मधल्या अडतीस वर्षांत त्यांना आपले म्हणायला कुणाला सवड झाली नाही?

लेखात त्यांच्या जन्माचे मिनियापोलिस आहे, शिक्षणाचे बर्कले आहे. वाळवा तालुक्याच्या वाट्याला दीड ओळ. सासूबाई इंदुताई पाटणकरांबरोबर परित्यक्ता बायकांसाठी केलेले काम कुठे गेले? पीएच.डी.च्या प्रबंधाचा तर उल्लेखही नाही. विषय १८७३ ते १९३० ची ब्राह्मणेतर चळवळ, आणि पदवी मिळाली १९७३ मध्ये, म्हणजे सत्यशोधक समाजाला शंभर वर्षे भरली त्याच साली. एवढे तरी लेखकमहाशयांच्या नजरेत भरायला हरकत नव्हती.

पण दोष एकट्या तुम्हाला कसा देऊ? मागे एका वाचनालयात मी त्यांच्या त्या प्रबंधाचे मराठी पुस्तक मागितले. ग्रंथपाल तडक 'परदेशी लेखक' अशी चिठ्ठी डकवलेल्या कपाटाकडे गेले. तिथे नव्हते. अर्ध्या तासाने सापडले ते अनुवादित रहस्यकथांच्या फळीवर, आतली पाने न कापलेली. म्हटले, "अहो, बाई इथेच राहतात, एसटीने जाऊन भेटून याल." तर म्हणाले, "असतील हो, पण आडनाव बघा की!" रजिस्टरवर पहिली सही माझी.

त्यांचे सगळेच मला पटायचे असे नाही. मोठ्या धरणांना विरोध करणाऱ्या लेखिका अरुंधती रॉय यांना त्यांनी जाहीर पत्र लिहिले, तेव्हा आमच्या कट्ट्यावर दोन तट पडले होते आणि मी बाईंच्या विरुद्ध तटात होतो. पण ते भांडण भाऊबंदकीतले. पाहुण्यांशी कोण इतके तावातावाने भांडतो?

आणि हो, एकाच लेखात आडनाव तीन तऱ्हांनी छापले आहे: ऑम्व्हेट, ओमवेट आणि फोटोखाली चक्क 'ओमवेद'. मुद्रितशोधक ही जात आपल्याकडे उरली आहे की नाही? गेल्या महिन्यात माझ्या पत्राखाली माझेही आडनाव चुकले होते, तेव्हा गप्प बसलो. या वेळी पाकिटावर सुवाच्य अक्षरात लिहितो आहे, कृपया पाहून घ्यावे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, ता. वाळवा
(नाव छापणार असाल तर पाकिटावरचे बघून छापावे)