रडकी पूर्वकथा म्हणजे करडा खलनायक नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत फँटसी रोलप्लेइंग गेम्सवरचा लेख वाचला. पूर्वी या खेळांतले खलनायक निव्वळ काळे असायचे, आता ते करडे झाले आणि त्यामुळे खेळही वयात आले, असा त्याचा सूर. यातलं निम्मं मला मान्य नाही, आणि उरलेल्या निम्म्याचं कारण लेखकाने भलतंच दिलंय. गेली १२ वर्षं मी मित्रांच्या टोळक्यात डंजन मास्टर म्हणून बसतो, म्हणजे टेबलावरच्या खेळात गोष्ट चालवतो आणि खेळाडूंची सोडून बाकी सगळी पात्रं वठवतो. खलनायकाच्या तोंडून बोलायचं काम दर वेळी माझ्याच गळ्यात पडतं, त्या हक्काने हे लिहितोय.

आधी ‘पूर्वी’बद्दल. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलावर खेळायचा खेळ १९७४ साली आला तेव्हा त्यात पात्रांच्या लॉ (सुव्यवस्था), न्यूट्रॅलिटी (तटस्थता) आणि केऑस (अनागोंदी) अशा तीनच बाजू होत्या. लॉफुल गुडपासून (नियमाने चालणारा सज्जन) केऑटिक ईव्हिलपर्यंतचा (बेबंद दुष्ट) नऊ खणांचा प्रसिद्ध तक्ता १९७८च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये दिसतो. या तक्त्याने आळशी डंजन मास्टरची सोय केली हे खरं. ‘ईव्हिल’ असा शिक्का मारला की पुढचा विचार संपला. (मीही मारलेत असे शिक्के.) पण त्या जुन्या नियमांत एक गोष्ट होती जी लेखकाच्या नजरेतून सुटली. समोर राक्षस आले म्हणजे ते अंगावर धावून येणारच असं नव्हतं. दोन फासे टाकायचे, बेरीज मधली आली तर त्यांचं अजून काही ठरलेलं नाही, बोलून बघा. शिवाय अनुभवाचे बहुतेक गुण कोणाला मारून मिळत नसत, ते खजिना बाहेर आणण्याचे असत, सोन्याच्या एका नाण्याला एक गुण. त्यामुळे मुरलेला खेळाडू तलवार शेवटी काढायचा. आधी थापा मारायचा, लाच द्यायचा, एका टोळीला दुसरीवर घालायचा. शिक्का दुष्टाचा असला तरी त्याच्याशी सौदा होत होता.

कॉम्प्युटरवर पाहायचं तर १९८५च्या ‘अल्टिमा ४’मध्ये शेवटी ठार मारायला खलनायकच नाही. आठ सद्गुण अंगी बाणवायचे, बस. आणि १९९०चा ‘अल्टिमा ६’ तर या पत्राच्या विषयावर मला अजूनही सगळ्यात भारी वाटतो. लाल अंगाचे, पंखवाले गार्गॉइल सुरुवातीलाच तुम्हाला बळी द्यायला वेदीवर बांधतात. आता त्यांना कापायला अजून कारण कशाला लागतं? पुढे त्यांची भाषा, त्यांचे ग्रंथ कळायला लागतात तेव्हा उलगडतं की तुम्ही मागे ‘अल्टिमा ४’मध्ये मोठ्या अभिमानाने मिळवलेला ज्ञानग्रंथ त्यांच्या दुनियेतून उपटलेला होता, आणि त्यामुळे ती दुनिया ढासळतेय. त्यांच्या भविष्यवाणीतला खोटा प्रेषित म्हणजे तुम्ही. शेवट मारामारीने होतच नाही. एक भिंग माणसाने घासलेलं, एक गार्गॉइलने, आणि ती दोन्ही अशी लावायची की तो ग्रंथ दोघांनाही वाचता यावा. पस्तीसेक वर्षांपूर्वीच्या खेळात हे आहे, साहेब.

आता मुद्द्याचं. लेखात ‘करडा’ म्हणून जी उदाहरणं दिलीत त्यातली बहुतेक फक्त दुःखी आहेत. १९९७च्या ‘फायनल फँटसी ७’मधला सेफिरॉथ घ्या. हवेलीच्या तळघरात तो दिवसचे दिवस कागद चाळत बसतो, आपण प्रयोगशाळेतल्या प्रयोगातून जन्मलोय हे त्याच्या डोक्यात शिरतं, आणि बाहेर येऊन तो अख्खं गाव पेटवून देतो. प्रसंग जबरदस्त. पण तो पाहून मला ठरवायचं काय असतं? काहीच नाही. त्याला हरवायचंच आहे, फरक इतकाच की आता हरवताना जीव थोडा हळहळतो. कीव येणं वेगळं आणि पेचात पडणं वेगळं. हल्ली तर बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणारा मोठा शत्रू, पडला की त्याच्या शेजारी एक डायरी सापडते: लहानपणी घर जळालं, मुलगी गेली, वगैरे. मेल्यावर सापडलेल्या डायरीने कोणाचा निर्णय बदलणार? त्यापेक्षा १९९४च्या ‘फायनल फँटसी ६’मधला केफ्का मला परवडतो. त्याला सबब नाही की पश्चात्ताप नाही, आणि खेळाच्या मध्यावर तो चक्क जिंकतो, जगाची राखरांगोळी करतो. (इथे कर्णाचा दाखला द्यायचा मोह होतोय, पण तो प्रत्येक जण देतो.)

पेच काय असतो ते २००९च्या ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’मध्ये दिसतं. लोगेन हा सेनापती आपल्याच राजाला रणांगणात मरायला सोडून सैन्य मागे फिरवतो, पुढे एल्फ लोकांची गुलाम म्हणून विक्री होऊ देतो. पण हाच माणूस शेतकऱ्याच्या पोटी जन्मून परकीय सत्तेविरुद्ध लढला होता आणि देश सोडवणाऱ्यांत होता. तेच परके मदतीच्या नावाने पुन्हा आत येतील या धास्तीने तो आंधळा झालाय. द्वंद्वात तो हरल्यावर त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवता. त्याला जगू दिलंत, आपल्यात घेतलंत, तर खेळाच्या सुरुवातीपासून सोबत असलेला अ‍ॅलिस्टर निघून जातो. दया फुकट मिळत नाही, तिची किंमत तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या मित्राच्या रूपात मोजावी लागते. मी तीनदा खेळलो, तिन्ही वेळा त्या संवादावर अडकून खुर्चीत मागे टेकून बसलो.

२०१५च्या ‘द विचर ३’मधल्या ब्लडी बॅरनचं सगळे कौतुक करतात. दारू पिऊन बायकोला मारणारा हा माणूस, आणि त्याचीच बाजू खाली मान घालून ऐकून घ्यावी लागते, तिथपर्यंत खेळ अप्रतिम आहे. पण झाडात कोंडलेल्या आत्म्याला सोडायचं की मारायचं यावर बॅरनच्या कुटुंबाचा शेवट अवलंबून ठेवलाय, तिथे माझं बिनसतं. आत्म्याला सोडलं तर अनाथ पोरं वाचतात आणि बॅरन गळफास घेतो. हे आधी कसं ओळखायचं?

ही तक्रार मी करतोय कारण हीच चूक मी स्वतः केली आहे. आमच्या एका मोहिमेत एक सरदारीण होती. तिने गावाचे दरवाजे बाहेरून बंद करून घेतले होते, आतून लोकांच्या हाका येत होत्या. आमची पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, चिडली, पहारेकरी कापले, दरवाजा फोडला, लोक रडत बाहेर आले. सगळे खूश. पुढच्या बैठकीत मी सांगितलं की आत साथ होती आणि ती आता चार गावांत पसरलीय. टेबलावर कोणी बोलेना. पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, खेळणाऱ्या मैत्रिणीने फासे एकेक करून थैलीत भरले आणि म्हणाली, “तू आम्हाला फसवलंस. त्या बाईने एकदा तरी सांगितलं असतं, तर मी दरवाजा फोडला नसता. कदाचित फोडलाही असता. पण मग तो मी फोडला असता.” मी तेव्हा वाद घातला. घरी जाताना कळलं की तिचं बरोबर आहे. माहिती लपवून मी पेच तयार केला नव्हता, सापळा लावला होता.

कॉम्प्युटरवर आणखी एक गोची आहे. परिणाम पटला नाही की सेव्ह फाइल उघडून मागे जायची सोय. टेबलावर ती नसते, म्हणून आमच्याकडचे खलनायक कागदावर साधे असले तरी अंगावर येतात.

२०२०मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची प्रकाशक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टने ऑर्क आणि ड्राउ (काळोखातले एल्फ) या आजवर दुष्ट दाखवलेल्या जमातींचं चित्रण बदलत असल्याचं सांगितलं, त्याचा लेखात गौरव आहे. अख्खी जमात जन्मतः दुष्ट असू नये, यात वाद नाही. पण कोण खलनायक नाही हे त्याने ठरतं. जो आहे त्याच्याशी आपण कसं वागायचं, तो प्रश्न शिल्लकच राहतो.

ती सरदारीण मी नव्या मोहिमेत परत आणली आहे. या वेळी तिने सगळं आधीच सांगितलंय, नकाशा पुढ्यात ठेवून, कोणत्या गावात किती माणसं मरतील त्यासकट. तीन बैठका झाल्या, ती पार्टीच्या कैदेत आहे. तिघांना तिला सोडायचंय, दोघांना नाही, आणि पॅलाडिनने अजून मत दिलेलं नाही. शनिवारी पुन्हा बसतोय.

आपला,
एक नियमित वाचक