बोलणे फुकट झाले, क्रमांक महागला: केंद्रीय दळणवळण मंत्र्यांना नाशिकहून खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय दळणवळण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: इंटरनेटवरील कॉलमुळे बदललेला मोबाइलचा बाजार आणि नुसता क्रमांक चालू ठेवण्यासाठी ग्राहकाला मोजावी लागणारी किंमत

महोदय,

नाशिकच्या पंचवटीत माझे मोबाइल रिचार्ज आणि दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. त्याच जागेत पूर्वी एसटीडी-पीसीओचा बूथ होता. त्यामुळे बोलण्याचा धंदा मिनिटावर चालत असे तेव्हापासून तो डेटावर चालू लागेपर्यंतचे सगळे बदल मला गल्ल्यामागे बसून पाहायला मिळाले. आपल्या खात्यापुढे मोबाइल कंपन्यांची संघटना, ॲपवाल्या कंपन्या आणि त्यांचे वकील आपापली बाजू मांडत असतातच. दुकानात येऊन ‘सगळ्यात कमीचा मारा’ म्हणणाऱ्या माणसाची बाजू मात्र तिथवर फारशी पोहोचत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला, तेव्हा मिनिटाचा दर सोळा रुपयांच्या घरात होता आणि आलेला कॉल उचलण्याचेही पैसे पडत. १ मे २००३ पासून इनकमिंग फुकट झाले. २००६ मध्ये बीएसएनएलने देशात कोठेही एक रुपयात एक मिनिट हा दर आणला आणि नाशिकहून मुंबईला बोलताना घड्याळाकडे बघण्याची सवय सुटली. हे सारे घडले तरी विकली जाणारी वस्तू मिनिट हीच होती. एका कंपनीचा कॉल दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाकडे गेला की पहिलीने दुसरीला मिनिटामागे ठरावीक रक्कम द्यायची असा नियम होता. ती रक्कम २००९ मध्ये २० पैसे होती, २०१५ मध्ये १४ पैसे झाली, ऑक्टोबर २०१७ मध्ये ६ पैशांवर आली आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाली. ज्या वस्तूची कंपन्या आपापसांतही किंमत लावत नाहीत, ती ग्राहकाला मोजून विकणे अवघडच होते.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. २०१५ च्या सुरुवातीला व्हॉट्सॲपवर बोलण्याची सोय आली आणि सप्टेंबर २०१६ मध्ये एका नव्या कंपनीने आवाजाचे पैसेच घ्यायचे नाहीत असे ठरवून बाजारात पाऊल टाकले. ॲपनी कंपन्यांचा धंदा बुडवला असे जे म्हटले जाते ते मला अर्धेच खरे वाटते. त्या नव्या कंपनीचे संपूर्ण जाळे फोरजीचे होते आणि त्यावरचा साधा कॉलसुद्धा व्होल्टी तंत्राने, म्हणजे डेटाच्याच स्वरूपात जात होता. आज बहुतेक स्मार्टफोनवरचा नेहमीचा कॉलही असाच जातो. फरक एवढाच, की त्या कॉलला मोबाइलचे जाळे राखीव जागा आणि अग्रक्रम देते, तर ॲपवरचे बोलणे इतर लोकांच्या व्हिडिओ आणि फोटोंच्या गर्दीतूनच जाते. म्हणून लग्नाच्या हॉलमध्ये किंवा यात्रेत ॲपवरचा आवाज तुटतो आणि साधा कॉल पुष्कळदा टिकतो. ग्राहकाला हा भेद माहीत नसतो. त्याच्या लेखी दोन्ही कॉल फुकटच असतात.

मिनिट विकेनासे झाल्यावर कंपन्यांनी व्हॅलिडिटी विकायला काढली. २०१८ च्या अखेरीपर्यंत खिशात सिम असले आणि त्यात थोडा बॅलन्स असला की इनकमिंग चालू राहत असे. त्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी २८ दिवसांसाठी किमान ३५ रुपयांच्या रिचार्जची अट घातली. पुढे हा सर्वांत खालचा दर पायरीपायरीने चढत गेला, आणि जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर २८ दिवस मनमोकळे बोलण्याचा सर्वांत स्वस्त पॅक खासगी कंपन्यांकडे १८९ ते १९९ रुपयांवर पोहोचला. त्यात बोलणे अमर्याद, सोबत दोन जीबी डेटा. अठ्ठावीस दिवसांच्या हिशेबाने वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात आणि त्या तेराव्यावर माझेही कमिशन असते, हे इथे सांगितलेले बरे.

आता हे पैसे कशाचे, हे बघण्यासाठी दुकानात एक दिवस बसले तरी पुरे. कॉलेज रोडला शिकणारा मुलगा मित्रांशी ॲपवरूनच बोलतो. त्याच्या घरी वायफाय आहे आणि ॲपवर बोलायला मिनिटाला एक एमबीसुद्धा लागत नाही. त्याला सिम हवे असते ते बँकेचा ओटीपी, आधार, गॅसचे बुकिंग आणि खुद्द व्हॉट्सॲपच्या खात्यासाठी. म्हणजे तो अमर्याद बोलण्याचे पैसे देतो आणि बोलतो दुसरीकडे. त्याच्यामागे रांगेत साधा बटणांचा फोन घेतलेल्या आजीबाई असतात. त्यांच्या फोनवर दोन जीबी डेटा उघडताच येत नाही, तरी पॅकमध्ये त्याचे पैसे आहेतच. दोघेही न वापरलेल्या वस्तूचे पैसे मोजतात, आणि खरे पाहता दोघे एकाच गोष्टीचे भाडे भरतात: दहा आकडी क्रमांक जिवंत ठेवण्याचे.

हे भाडे चुकले तर काय होते, ते द्राक्षपट्ट्यात स्पष्ट दिसते. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरी भागातून मजुरांच्या टोळ्या ऑक्टोबर छाटणीपासून पुढे विरळणी आणि काढणीपर्यंत निफाड-दिंडोरीच्या बागांत कामाला येतात. टोळीचा सगळा व्यवहार मुकादमाच्या फोनवर चालतो. हंगाम संपला की माणसे घरी परततात, पावसाळ्यात भात-नागलीची लावणी करतात, आणि हातात पैसा नसताना कोणीही नुसते फोन चालू राहावेत म्हणून दोनशे रुपये घालत नाही. पॅक संपतो आणि काही दिवसांत इनकमिंग बंद होते. सप्टेंबरात बागायतदार फोन लावतो तेव्हा सेवा उपलब्ध नसल्याची सूचना ऐकू येते, आणि तो दुसऱ्या टोळीला बोलावतो. माझ्या दुकानात आलेल्या अशाच एका मुकादमाचा जुना क्रमांक तोवर कंपनीने काढून घेऊन दुसऱ्याला दिलेला होता. त्याने काउंटरवर वही ठेवली. तिच्यात पंधरा-वीस बागायतदारांची नावे आणि नंबर ओळीने लिहिलेले होते. नवे सिम घेतल्यावर तो तिथेच स्टुलावर बसून एकेकाला फोन लावू लागला. अनोळखी नंबर म्हणून निम्म्यांनी उचललाच नाही.

महोदय, सर्वांच्या हातात इंटरनेट आले, आता प्रत्येक जण ॲपवर बोलेल, असे शहरात बसून म्हटले जाते. त्या मुकादमाच्या पाड्यावर ॲप चालण्याइतके नेट मिळत नाही, आणि साधा कॉल मिळतो तोही टेकाडावर चढल्यावर. इंटरनेटच्या कॉलने बाजाराचे गणित बदलले, पण त्या बदललेल्या गणिताचे बिल ज्याने तो कॉल कधी केलाच नाही त्याच्याही माथी बसले.

दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये ग्राहक संरक्षण नियमांत दुरुस्ती करून, डेटा नको असलेल्यांसाठी केवळ आवाज आणि एसएमएसचे स्वतंत्र पॅक द्यावेत असे कंपन्यांना बंधनकारक केले. या निर्णयाचे मी मनापासून स्वागत केले होते. जानेवारी २०२५ मध्ये खासगी कंपन्यांचे असे जे पॅक आले ते ८४ दिवसांसाठी साधारण साडेचारशे ते पावणेपाचशे रुपयांचे आणि वर्षभराच्या आसपास मुदतीचे साडेसतराशे ते साडेअठराशे रुपयांचे होते. नियमाचे अक्षर पाळले गेले. पण ज्याला २८ दिवसांचे दोनशे रुपये जड जातात, त्याने एकरकमी साडेचारशे कोठून आणायचे? शिवाय हे पॅक दुकानदाराला दिसणाऱ्या यादीत इतके खाली असतात की ग्राहकाने नाव घेऊन मागितल्याशिवाय ते सहसा कोणी काढत नाही.

कंपन्यांचे म्हणणे मला ठाऊक आहे आणि ते अगदीच निराधार नाही. टॉवरचे भाडे, वीज, डिझेल, लिलावात घेतलेल्या रेडिओ लहरींचे (स्पेक्ट्रमचे) पैसे हे सगळे त्यांनाच द्यावे लागते, तर त्याच जाळ्यावर फुकट बोलू देणारी ॲप परवाना शुल्क भरत नाहीत. म्हणून ॲपच्या कॉलवर आकार लावावा किंवा त्यांनी जाळ्याच्या खर्चात वाटा उचलावा, ही मागणी अधूनमधून येते. डिसेंबर २०१४ मध्ये एका मोठ्या कंपनीने इंटरनेट कॉलसाठी वेगळे पैसे आकारण्याचे जाहीर करून पाहिले आणि लोकक्षोभामुळे काही दिवसांतच ते मागे घेतले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने डेटातून काय पाहिले-ऐकले यानुसार वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली, आणि सप्टेंबर २०२० मध्ये ॲपवर तूर्त वेगळे नियमन नको असे मत दिले. ही भूमिका आपण सोडू नये. डेटाचे पैसे ग्राहकाने एकदा दिलेले आहेत. त्या डेटातून तो गाणे ऐकतो की आईशी बोलतो, यावर दर ठरू नये.

ॲपच्या कॉलवर थेट बंदी घातली तर काय साधते, याचे उत्तर मालेगावात मिळेल. तिथल्या अनेक घरांतले कर्ते पुरुष आखातात कामाला आहेत. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर बोलता येत नाही, कारण तिथे परवानगी असलेल्या ठरावीक ॲपवरूनच असे कॉल करता येतात. म्हणून घरच्यांनी बोटिम नावाचे ॲप उतरवून घेतले आणि बोलणे चालू ठेवले. परदेशी कॉलचे, म्हणजे आयएसडीचे, मिनिट परत विकले जाऊ लागले असे काही झाले नाही.

आपल्या खात्याच्या आणखी एका निर्णयाचा इथे संबंध येतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये खात्याने संदेशांच्या ॲपना असा निर्देश दिला की, ज्या सिमवर खाते उघडले ते सिम फोनमध्ये असल्याखेरीज ॲप चालू नये. ‘डिजिटल अटके’च्या नावाखाली ॲपच्या व्हिडिओ कॉलवरून माणसांना तासन्‌तास धमकावून लुबाडले जाते, हे पाहता या निर्देशामागचा हेतू मला पटतो. नाशिकमध्येही दुकानात येणारे लोक अशा कॉलचे अनुभव सांगतात. परंतु याचा दुसरा परिणाम असा, की इंटरनेटवर बोलण्यासाठीसुद्धा सिम चालू असणे अनिवार्य होत जाईल. सरकारच्या आदेशाने एखादी वस्तू अनिवार्य होत असेल, तर तिचा सर्वांत कमी दर काय असावा हे पूर्णपणे बाजारावर सोपवणे मला न्याय्य वाटत नाही.

ॲपच्या कॉलवर ११२ हा आपत्कालीन क्रमांक लागत नाही. बँकेचा ओटीपीही अजून प्रामुख्याने एसएमएसनेच येतो, आणि तो एसएमएस बँक फुकट पाठवत नाही, त्याचे पैसे मोबाइल कंपनीला मिळतात. म्हणजे ग्राहक स्वतः एकही कॉल न करता नुसता क्रमांक चालू ठेवतो तेव्हाही कंपनीची थोडी कमाई होत असते. खात्यात किमान २० रुपये असतील तर तीन महिने न वापरलेला क्रमांकही लगेच काढून घेता येत नाही, असा नियम ट्रायने २०१३ मध्येच केलेला आहे. त्याने क्रमांक वाचतो, इनकमिंग मात्र सुरू होत नाही. माझी विनंती आहे की हाच नियम पुढे न्यावा आणि प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा एक क्रमांक-राखणीचा पॅक देणे सक्तीचे करावे. त्यात इनकमिंग, येणारे एसएमएस आणि ११२ असावे, थोडी आउटगोइंग मिनिटे असावीत, डेटा अजिबात नसावा, आणि त्याच्या दराची कमाल मर्यादा ट्रायने ठरवावी. ट्रायचा कल दर बाजारावर सोडण्याकडे असला तरी दर ठरवण्याचा अधिकार १९९७ च्या कायद्याने त्याला दिलेला आहे. हा पॅक दुकानदाराच्या आणि ग्राहकाच्या यादीत सर्वांत वर दिसावा, हेही त्याच आदेशात लिहावे, नाहीतर तो कोणाला सापडणार नाही. माझे कमिशन यात घटेल, ते मला चालेल.

दुसरी विनंती तातडीची आणि नाशिकपुरती आहे. सिंहस्थ कुंभमेळ्याचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आहे आणि मुख्य पर्वण्या, म्हणजे स्नानाचे दिवस, २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, पहिली २ ऑगस्टला. रामकुंड आणि कुशावर्ताच्या परिसरात त्या दिवशी लाखो फोन एकाच वेळी व्हिडिओ कॉल लावतील, तेव्हा ॲपवरचे बोलणे सर्वांत आधी कोलमडेल आणि चुकलेली माणसे शोधायला साधा कॉलच उरेल. खेड्यापाड्यांतून येणाऱ्या अनेक वृद्धांच्या हातातल्या बटणांच्या फोनचा पॅक कधीच संपलेला असतो, हे मी दुकानात रोज पाहतो. जिल्हा प्रशासन आणि कंपन्या तात्पुरते टॉवर उभारतीलच. त्याबरोबर आपण एक आदेश काढावा: पर्वणीच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन दिवस धरून नाशिक आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतील टॉवरवर असलेल्या कोणत्याही सिमचे इनकमिंग पॅक संपला म्हणून अडवले जाऊ नये. यंत्रणेत तसे बदल करायला कंपन्यांना वेळ लागेल, म्हणून हा आदेश २०२७ उजाडण्यापूर्वी निघावा, ही विनंती.

आपला नम्र,
पंचवटीतील एक रिचार्ज दुकानदार
नाशिक